ह्यूबर्ट सेसिल बूथ यांचा हातरुमाल

शाळा भरण्यापूर्वी वर्ग झाडण्याची पाळी ज्या विद्यार्थ्यांवर येते, त्यांना एक गोष्ट पुस्तकावाचून ठाऊक असते. केरसुणीने केर दाराबाहेर जातो. धूळ मात्र जात नाही. ती क्षणभर उठते, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहते, आणि घंटा होईपर्यंत पुन्हा बाकांवर येऊन बसते. विलायतेतील थंड हवेत तर घरोघर जाड गालिचे अंथरण्याची चाल. वर्षातून एकदोनदा हे गालिचे उचलून अंगणात दोरीवर टाकावयाचे आणि वेताच्या थापीने बडवावयाचे, एवढाच त्यांच्या शुद्धीचा मार्ग होता. बडवणाऱ्याच्या नाकातोंडात जेवढी धूळ जाई, त्याहून किती अधिक गालिच्यातच उरे, हे कोणी मोजीत नसे.

या धुळीला हाकलण्याऐवजी पकडून कोंडावे, असा विचार करून तो सिद्धीस नेणाऱ्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज एंजिनियराचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहो. व्हॅक्यूम क्लीनर हे यंत्र आज पुष्कळांनी पाहिले आहे. त्याच्या जन्माशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते गृहस्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक आहेत.

बूथ यांचा जन्म ४ जुलै १८७१ रोजी सेव्हर्न नदीकाठच्या ग्लॉस्टर शहरी झाला. वडील अब्राहम बूथ हे लाकडाचे व्यापारी. ह्यूबर्ट यांचे शिक्षण त्याच शहरी, रेव्हरंड ब्रेरटन या मुख्याध्यापकांच्या हाताखाली झाले. १८८९ मध्ये ते लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात दाखल झाले. तेथे स्थापत्य व यंत्रशास्त्र यांचा तीन वर्षांचा क्रम पुरा करून १८९२ च्या अखेरीस ते लॅम्बेथ येथील मॉडस्ले, सन्स अँड फील्ड या कारखान्यात नकाशे काढणाऱ्याच्या जागेवर लागले. हा कारखाना जहाजांच्या वाफेच्या एंजिनांबद्दल नावाजलेला होता, आणि तरुण बूथ यांच्याकडे प्रथम आरमारी जहाजांच्या एंजिनांचेच काम आले.

परंतु त्यांची बुद्धी लवकरच एका वेगळ्या कामावर जुंपली गेली. त्या काळी युरोपात प्रचंड आकाशपाळणे उभारण्याची हौस उत्पन्न झाली होती. आपल्या जत्रेतील पाळणा चार माणसे हातांनी फिरवितात. हे पाळणे दोनदोनशे फूट उंच, आणि त्यांच्या एकेका डब्यात घरातील खोलीप्रमाणे माणसे उभी राहत. ब्लॅकपूल, व्हिएन्ना व पॅरिस येथील अशा पाळण्यांच्या रचनेत बूथ यांचा हात होता. एवढे अवजड चक्र ताठ केले तर वाऱ्याने व वजनाने ते मोडेल, हे ओळखून झुलत्या पुलाप्रमाणे त्याला थोडे लवचीक ठेवण्याची युक्ती त्यांनी योजिली. व्हिएन्ना येथील पाळणा १८९७ मध्ये, सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाप्रीत्यर्थ उभा राहिला. त्याची उंची सुमारे २१२ फूट आहे, आणि तो अद्यापि फिरतो. हे सांगण्याचे कारण असे की, पुढे ज्या यंत्रामुळे बूथ यांचे नाव झाले, ते कोणा हौशी गृहस्थाच्या हाती अवचित लागलेले नव्हते. भार, दाब व ताण यांची गणिते ज्याच्या बोटांवर होती, अशा मनुष्याने ते घडविले.

१९०१ साली लंडनच्या एम्पायर म्यूझिक हॉलमध्ये एका अमेरिकन गृहस्थाने गालिचे साफ करण्याच्या नव्या यंत्राचे प्रयोग मांडले होते. बूथ ते पाहावयास गेले. यंत्राची पेटी गालिच्यावर ठेवून दाबलेल्या हवेचा झोत त्यात सोडला जाई. झोताने धूळ उडावी आणि वरच्या पेटीत जाऊन पडावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात काही धूळ पेटीत जाई, बरीचशी चोहोंकडे उडे. प्रयोग संपल्यावर बूथ यांनी त्या गृहस्थाला सरळ विचारले की, हवा फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? प्रश्न ऐकून तो गृहस्थ रागावला. धूळ ओढून काढणे अशक्य आहे, अनेकांनी ते करून पाहिले व सोडून दिले, असे सांगून तो चालता झाला.

पुष्कळ माणसे येथे थांबली असती. जाणत्याने अशक्य म्हटले की आपण तरी का शिणावे, हे म्हणणे सोयीचे असते. बूथ यांनी काही दिवस या गोष्टीचा विचार केला. मग एके दिवशी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहात बसले असता त्यांनी खिशातील हातरुमाल काढला, तो खुर्चीच्या मखमली पाठीवर पसरला, त्यावर तोंड टेकले आणि जोराने श्वास आत ओढला. त्यांना तात्काळ ठसका लागला. शेजारच्या टेबलांवरील मंडळींनी काय तर्क केला असेल, तो वाचकांनीच करावा. ठसका ओसरल्यावर त्यांनी रुमाल उलटून पाहिला. जेथे ओठ टेकले होते, तेथे कापडाच्या खालच्या बाजूस धुळीचा काळा डाग उमटलेला होता.

या डागात सर्व शोध साठविलेला आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण शिकतो की, पोकळी स्वतः काही ओढीत नाही. आपल्याभोवतीची हवा दर चौरस इंचावर सुमारे १४.७ पौंडांचा दाब देत असते. एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा तिकडे धाव घेते, आणि वाटेत सापडलेली धूळ आपल्याबरोबर नेते. हे तत्त्व बूथ यांच्या पूर्वीच्यांनाही ठाऊक होते. अमेरिकेत डॅनियल हेस याने १८६० मध्ये व आयव्हज मॅकगॅफी याने १८६९ मध्ये हवेच्या प्रवाहाने झाडणाऱ्या यंत्रांची पेटंटे घेतली होती. तेव्हा ओढण्याची कल्पना बूथ यांनाच प्रथम सुचली, असे म्हणणे इतरांवर अन्याय करणारे होईल. खरी अडचण पुढची होती. ओढलेली धूळ जर पंपात शिरली, तर पंपाचा दट्ट्या वाळूने घासल्यासारखा झिजून जाईल. आणि पंपातून बाहेर पडली, तर पुन्हा खोलीतच पसरेल. हवा जाऊ द्यावयाची आणि धूळ अडवावयाची, हे कापडाला करता येते, ही साक्ष रुमालाने दिली. नळीचे तोंड आणि जोरकस पंप यांच्या मध्ये कापडाची गाळणी बसवावी, असा बूथ यांनी निश्चय केला, आणि ३० ऑगस्ट १९०१ रोजी त्या रचनेचे पेटंट घेतले. त्या वेळी त्यांनी नुकतीच तिशी गाठली होती.

पहिले यंत्र आजच्यासारखे कोपऱ्यात उभे करून ठेवण्याजोगे नव्हते. ते घोड्यांच्या गाडीवर बसविलेले असून त्याचा पंप पेट्रोलच्या एंजिनाने चाले. गाडीला तांबडा रंग दिलेला होता, आणि तिच्या धापा टाकण्यावरून लोकांनी तिला पफिंग बिली असे नाव ठेविले. ही गाडी रस्त्यावर उभी राही. तिच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत नेल्या जात, आणि कंपनीचे नोकर त्या नळ्यांनी दिवाणखान्यातील गालिचे, पडदे व कोचे साफ करीत. त्या वेळी घरोघर वीज नव्हती. म्हणून यंत्र विकण्यापेक्षा धूळ काढण्याची सेवा विकणे बूथ यांना अधिक व्यवहार्य वाटले. नळीच्या वाटेत त्यांनी काचेचा एक भाग बसविला होता. आपल्या स्वच्छ म्हणविणाऱ्या घरातून काय निघाले, हे मालकिणीला आपल्याच डोळ्यांनी दिसे. लंडनच्या बड्या घरच्या स्त्रिया हा देखावा पाहण्यासाठी मैत्रिणींना चहाला बोलावू लागल्या. चहाच्या वेळी शेजारणीसमोर आपल्या घरातील धूळ वाहताना दाखविणे आमच्याकडे कितपत रुचले असते, याची आम्हांस शंकाच आहे.

कीर्तीबरोबर कोर्टकचेऱ्याही आल्या. गाडीच्या आवाजाने भाड्याच्या गाड्यांचे घोडे बुजत, म्हणून त्यांच्या मालकांनी नुकसानभरपाईचे दावे लाविले. सार्वजनिक रस्त्यावर असे यंत्र चालविण्याचा हक्कच नाही, असे पोलिसांचेही म्हणणे पडले. न्यायालयाचा कौल शेवटी बूथ यांच्या बाजूने मिळाला. सरकारी टांकसाळीतली हकिकत याहून मौजेची आहे. तेथील साफसफाई आटोपून गाडी बाहेर पडू लागली, तेव्हा तिला दारावर अडविण्यात आले. कारण गाडीतील धुळीत चांदीचे कण पुष्कळ होते, आणि ती धूळ टांकसाळीच्या मालकीची होती!

१९०२ साली सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक ठरला. वेस्टमिन्स्टर ॲबे या पुरातन प्रार्थनामंदिरात सिंहासनांखाली अंथरलेले निळे गालिचे मळके आहेत, हे ऐन वेळी ध्यानात आले. ते उचलून बडवावयास वेळ नव्हता. तेव्हा बूथ यांची यंत्रे आणवून ते जागच्या जागी साफ करण्यात आले. ही हकिकत राजाच्या कानी गेल्यावर राजा व राणी यांच्यासमोर प्रयोग झाला, आणि बकिंगहॅम राजवाडा व विंडसरचा किल्ला येथे ही यंत्रे घेण्यात आली.

आम्हांस मात्र राजवाड्यापेक्षा क्रिस्टल पॅलेसची गोष्ट अधिक मोलाची वाटते. पहिल्या महायुद्धात काचेच्या त्या भव्य इमारतीत आरमारी भरतीच्या शेकडो तरुणांना ठेविले होते, आणि त्यांच्यात अंगावर ठिपके उठविणारा घातक ताप पसरला. वर्षानुवर्षे तुळयांवर व सज्जांवर साठलेल्या धुळीवर संशय गेला. बूथ यांच्या पंधरा यंत्रांनी तेथून २६ टन धूळ काढली. इतकी धूळ त्या तरुणांच्या उशाशी होती, हा विचार करून आजही अंगावर काटा येतो.

याच सुमारास बूथ पुलांचे व बांधकामाचे आपले मूळ कामही करीत होते. स्कॉटलंडात लॉक एटिव्हच्या मुखावरील कॉनेल फेरीचा लोखंडी पूल, जो १९०३ मध्ये सुरू झाला, त्याच्या उभारणीवर त्यांची देखरेख होती. शार्लट मेरी पिअर्स या ग्लॉस्टरच्याच बाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे होते. त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी एवढेच पुरे.

आता ज्या गोष्टीने त्यांच्या कीर्तीला ग्रहण लागले, ती सांगितली पाहिजे. बूथ यांच्या ब्रिटिश व्हॅक्यूम क्लीनर कंपनीच्या नावासारखेच नाव दुसऱ्या एका कंपनीने घेतले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. १९०७ मध्ये असे ठरले की, व्हॅक्यूम क्लीनर हे शब्द वस्तूचे वर्णन करणारे आहेत; त्यांवर कोणा एकाची मालकी चालणार नाही. ज्या शब्दांनी सारे जग हे यंत्र ओळखू लागले होते, तेच शब्द अशा रीतीने त्यांच्या हातून सुटले. इकडे अमेरिकेत ओहायो प्रांतातील कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक दम्याचा रोगी दुकानातील झाडलोटीचे काम करी. त्याने विजेचा लहान पंखा, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांच्या जुळणीतून एका माणसास ढकलता येईल असे यंत्र बनविले. त्याचे पेटंट २ जून १९०८ चे आहे. ते हूव्हर नावाच्या चामड्याच्या मालाच्या कारखानदाराने घेतले, आणि पुढे इंग्लंडातही गालिचा साफ करणे या अर्थी हूव्हर हेच क्रियापद रूढ झाले. बूथ यांनी १९०६ च्या सुमारास घरगुती उपयोगाचे हातगाडीवरील यंत्र काढले होते खरे, आणि त्यांच्या कंपनीची गॉब्लिन नावाची घरगुती यंत्रे पुढे खपलीही. परंतु त्यांचा मुख्य भर मोठ्या इमारतींत व कारखान्यांत बसवावयाच्या यंत्रांवर राहिला. घर लहान आणि नोकर थोडे अशा संसारांचा काळ येत आहे, हे त्यांनी वेळेवर ओळखले नाही, असे आमचे नम्र मत आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा वाचकांनी द्यावी. काही वर्षांमागे आमच्या एका स्नेह्यांच्या पोटमाळ्यावर अडगळीत एक चमत्कारिक वस्तू निघाली. खाली लाकडी फळी, तिच्यावर चामड्याचा भाता, भात्याला उभा दांडा, आणि बाजूस नळी जोडण्याचे पितळी तोंड. घरातील कोणी तिला लोहाराचा भाता म्हणे, कोणी मोडक्या पेटीवाद्याचा अवशेष. आम्ही बूथ यांचे चरित्र वाचलेले असल्यामुळे एक हातरुमाल मागविला. तो पितळी तोंडावर धरून दांडा हळूच वरखाली केला. लोहाराच्या भात्याने रुमाल उडाला असता. येथे तो तोंडाला चिकटून बसला. वस्तूची जात ठरली. विजेचा प्रसार होण्यापूर्वी अशी हाताने चालवावयाची धूलिशोषक यंत्रे निघत असत. एकाने भाता हलवावयाचा आणि दुसऱ्याने नळी फिरवावयाची.

वय ठरविण्यास पाटी पाहावी लागली. दुर्दैवाने घरातील एका उत्साही मुलाने सर्व वस्तूला हिरवा तेलरंग फासला होता. रंग कापसाने व धीराने काढता काढता ब्रिटिश पेटंटाचा पाच आकडी क्रमांक हाती आला, पण साल पुसून गेलेले. आता ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक १९१५ पर्यंत दर वर्षी एकपासून सुरू होत. १९१६ पासून ते १,००,००१ च्या पुढे अखंड चालू झाले. म्हणजे पाच आकडी क्रमांक १९१६ च्या अलीकडचा असू शकत नाही, एवढे निश्चित झाले. विजेवर चालणारे यंत्र असते, तर पाटीवर दाबाचे आकडे मिळाले असते. त्यांवरूनही पुष्कळ कळते, कारण पूर्वी इंग्लंडात गावोगावची वीज निरनिराळ्या दाबाची असे, आणि यंत्राची तार दिव्याच्याच खोबणीत जोडीत. मात्र असे जुने विजेचे यंत्र हाती लागल्यास उत्सुकतेने प्रवाह सोडून पाहू नये. तारेवरील रबर वाळून भुगा झालेले असते, आणि ही उत्सुकता जिवावर बेतते.

भात्याचे चामडे वाळून कडक झाले होते. ते हळूहळू मऊ करून भेगांवर आतून पातळ चामड्याच्या पट्ट्या चिकटविल्या; झडपांची चामडी तेवढी नवी कापली, व जुनी एका पाकिटात घालून यंत्राबरोबरच ठेविली. घासूनपुसून नव्यासारखे चकचकीत करणे आम्ही कटाक्षाने टाळले. हातांनी गुळगुळीत झालेला दांडा हाही त्या यंत्राचा इतिहासच होय. एवढे झाले तरी यंत्र नीट चालेना. दांडा चार वेळा हलविला की भात्यातून धुळीचा लोट बाहेर येई. फळीच्या आतली खाच रिकामी होती. चौकशी करता कळले की, तिच्यातील कापडी पिशवी घरच्या मोलकरणीने कधीच फडके म्हणून वापरून टाकली होती! घरातील मंडळींनी पितळ जपले, लाकूड जपले, आणि ज्या कापडासाठी यंत्र होते ते फेकून दिले. घट्ट विणीच्या सुती कापडाची पिशवी शिवून खाचेत बसविली, तेव्हा समोरच्या चटईतील धूळ निमूटपणे आत गेली आणि आतच राहिली. आमचे स्नेही दांडा हलवून घामाघूम झाले. परंतु त्यांच्या मुद्रेवरचे समाधान पाहण्यासारखे होते.

असो. बूथ यांच्याकडे वळू. १९३० नंतरच्या दशकात, यंत्रविद्येच्या इतिहासाला वाहिलेल्या लंडनच्या न्यूकमेन सोसायटीपुढे त्यांनी आपल्या शोधाची हकिकत स्वतः निवेदन केली. रुमालाचा व ठसक्याचा प्रसंग आपणांस ठाऊक आहे तो त्यामुळेच. लंडनच्या सायन्स म्यूझियममध्ये त्यांचे यंत्र जपून ठेविले आहे. व्हिएन्नाचा पाळणा १९४४ मध्ये युद्धाच्या आगीत जळाला. तो पुन्हा उभारताना पूर्वीच्या ३० डब्यांपैकी १५ च लाविण्यात आले, पण चक्र फिरू लागले, आणि ते पाहावयास त्याचे रचनाकार हयात होते. १४ जानेवारी १९५५ रोजी क्रॉयडन येथे, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ह्यूबर्ट सेसिल बूथ मरण पावले. त्या दिवशीही इंग्लंडातील घराघरांतून गालिचे साफ करण्यात आले असतील, आणि करणाऱ्या बहुतेकींनी त्या कामाला हूव्हर हेच नाव दिले असेल.